दाजींचा रस

आमच्या आक्काचं लग्न जुळवताना मध्यस्थाने मुलाचं वर्णन केलं ते असं : "पोरगं पुणतांब्याचं. बीएस्सी झालंय. कोपरगावकडं साखर कारखान्यात लॅबमधी हाय. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत न्हाई. नुस्तं टेनिस तेवढं खेळतंय."

शेवटचं वाक्य त्याने आवाज खाली करून सांगितलं. कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावात टेनिस कोणी पाहिलेलं नव्हतं. तात्यांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, हातातला अडकित्ता थांबवला.

"रोज खेळतो?"

"रोज."

"एकटाच, का संगं अजून कोन असतं?"

"सायेब लोकं असत्यात."

तात्यांनी बराच विचार केला. मग आईकडे वळून म्हणाले, "लग्नानंतर सुटंल."

ते सुटलं नाही. तात्या गेले, आई गेली, तो कारखाना तीन वेळा बंद पडून चार वेळा सुरू झाला, पण दाजींचं टेनिस सुटलं नाही. लग्न झालं तेव्हा मी मॅट्रिकला होतो. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात आणि मेहुण्याने दाजींची टिंगल करायची हा रिवाजच आहे. मी तो उभा जन्म मनापासून पाळला. मागच्या कार्तिकात दाजी गेले, आणि आता कोणाची टिंगल करायची, हे मला खरंच कळत नाही. चारचौघांत बसल्यावर एखादा विनोद तोंडाशी येतो आणि तसाच परत घशात जातो, कारण तो ऐकून कानापर्यंत लाल होणारा माणूसच उरलेला नाही.

पोरगी बघायला आले तेव्हाही त्यांचे कान लालच होते. कांदेपोहे झाले, आक्का खाली मान घालून बसली. कोणीतरी म्हणालं, मुलीला काही विचारायचं तर विचारा. दाजींनी दोनदा घसा साफ केला आणि विचारलं, "पळता येतं का?"

स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, असं विचारतात लोक. आक्काने मान वर केली आणि म्हणाली, "शेरडं राखलीत मी. कुनामागं पळायचं, ते सांगा."

सगळे हसले. दाजी पुढे नेहमी सांगायचे, "मेहुणे, पहिली सर्व्हिस माझी होती आन् पहिला पॉइंट तुमच्या बहिणीचा."

कारखान्याच्या कॉलनीत साहेब लोकांचा एक क्लब होता. क्लब म्हणजे पत्र्याची शेड, एक कॅरम, आणि मागे मुरमाचं टेनिस कोर्ट. दाजी नोकरीला लागले तेव्हा चीफ इंजिनिअर साहेबांचा जोडीदार बदली होऊन गेला होता. साहेब दक्षिणेकडचे, एकटे, आणि टेनिसवाचून त्यांना जेवण जायचं नाही. त्यांनी लॅबमध्ये डोकावून विचारलं, कोणाला शिकायचंय का? बाकीच्यांनी माना खाली घातल्या. दाजींना मान खाली घालायला जरा उशीर झाला. "तेवढ्यावर माझं आयुष्य ठरलं," असं ते म्हणत. पुढे साहेब निवृत्त होऊन त्यांच्या गावी निघून गेले, पण कोर्टाला पाणी मारणं, रोलर फिरवणं, फक्कीने रेघा आखणं हे सगळं दाजींनी आपल्या अंगावर घेतलं. गाळप सुरू झालं की बॉयलरच्या चिमणीची काजळी कोर्टावर पडायची. पांढऱ्या कपड्यांत गेलेले दाजी कोळशाच्या वखारीतून आल्यासारखे परत यायचे. आक्का ते कपडे धोपटण्याने बडवताना एकेका फटक्याला बोलायची, "जाळी मधी बांधायची, आन् मग तिच्यावरनं भांडायचं. मोठाली मानसं!"

आता त्या रसाची गोष्ट सांगितली पाहिजे.

आक्का लग्न होऊन नुकतीच कॉलनीत आली होती. क्वार्टरच्या दारातून कोर्ट दिसायचं. संध्याकाळी ती पदर सावरून पायरीवर बसायची आणि नवरा का पळतोय याचा अंदाज घ्यायची. त्या दिवशी दाजी आणि साहेब यांच्यात अटीतटीचा खेळ चाललेला. दाजी ओरडले, "ड्यूस!" जरा वेळाने पुन्हा, "ड्यूस!" मग साहेब ओरडले, "ड्यूस!" आक्काने ऐकलं "जूस". आणि जूस म्हणजे काय हे तिला आठवडाभरात चांगलं पाठ झालं होतं, कारण दाजी लॅबमधून आले की तोंडात तेच : आज जूस पातळ होता, आज जूस लवकर आंबला. जूस म्हणजे उसाचा रस. नेमका त्याच दिवशी दाजींनी किटलीभर रस घरी आणून ठेवला होता. आक्काला वाटलं, माणूस तहानेने ओरडतोय, आणि आपण पायरीवर बसून ऐकतोय! ती उठली, रस गाळला, त्यात आलं किसून घातलं, लिंबू पिळलं, आणि तांब्या-पेले घेऊन थेट कोर्टाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"घ्या," ती म्हणाली, "किती येळ वरडताय!"

दाजींना धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं. पण साहेब जाळीपाशी आले, पेला घेतला, उभ्याउभ्या संपवला, आणि दुसरा मागितला. त्यांना मोडकं मराठी यायचं. ते म्हणाले, "मिसेस बरोबर. ड्यूसला ज्यूस पायजे."

त्या दिवसापासून त्या कोर्टावर चाळीस-चाळीस झाले की "रस!" असंच ओरडायचे. नवीन आलेल्या साहेबांनाही ते शिकून घ्यावं लागे. घरातही तो शब्द शिरला. दोन्ही बाजू सारख्या, काहीच ठरत नाही, असं काही असलं की दाजी म्हणत, "अजून रस हाय." वर्षाला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या मुलीला, दोन स्थळं आली आणि दोन्ही चांगली निघाली, तेव्हा मी फोन करून विचारलं, काय झालं? दाजी म्हणाले, "रस." आक्का मागून ओरडली, "पोरीच्या लग्नाचा इचार करताय का सामना खेळताय?"

आत आणि बाहेर हे त्यांचे आणखी दोन शब्द. बॉल रेघेच्या आत पडला की बाहेर, यावर त्यांच्याइतका काटेकोर माणूस मी पाहिला नाही. आपलाच बॉल केसभर बाहेर गेला तर समोरचा काही बोलायच्या आत हे स्वतः ओरडायचे, "बाहेर!" घरी आक्काने विचारलं, भाजी कशी झालीय, तर "भाजी छान झाली" असं खोटं त्यांच्या तोंडून निघायचं नाही. जरा मीठ जास्त पडलं असेल तर हळूच म्हणायचे, "बाहेर." मग आक्का ताट ओढून घ्यायची आणि हे तिच्या मागे मागे, "अगं, अगदी रेघेवर हुती. रेघ म्हंजे आतच."

खंडेनवमीला लोक आपापली हत्यारं, अवजारं, मोटारसायकल पुजतात. दाजी रॅकेट पुजायचे. पाटावर धान्य, त्यावर रॅकेट, तिला झेंडूची माळ. आक्का हळद-कुंकू वाहायची, ते तारांना चिकटायचं, आणि मग दसऱ्यानंतर आठ दिवस दाजींनी मारलेल्या बॉलवर कुंकवाचे ठिपके उमटायचे. मी म्हणायचो, "दाजी, समोरच्यानं घाबरून खेळायचं सोडलं असंल. त्याला वाटलं असंल उतारा टाकला." ते कान लाल करून हसायचे.

लोकांना वाटायचं, हा माणूस टेनिससाठी बायको-पोरगी विकेल. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. मग वर्षा लहान असताना एकदा कारखान्याकारखान्यांच्या स्पर्धेत दाजी अंतिम सामन्याला पोचले. मी मुद्दाम कर्जतहून बघायला गेलो होतो. शेवटचा सेट, शेवटचा गेम, आणि "रस" चाललेला. पुन्हा पुन्हा रस. तेवढ्यात तिथल्या ऑफिसातला शिपाई कडेला येऊन मला म्हणाला, कॉलनीतून फोन आलाय, वर्षा चिंचेवरनं पडली, हात मोडलाय. मी विचार केला, दोन पॉइंटांचा तर प्रश्न आहे, संपल्यावर सांगू. पण दाजींनी शिपायाचं तोंड पाहिलं. बॉल खिशात टाकला, जाळीपाशी जाऊन समोरच्याचा हात हातात घेतला आणि माझ्याकडे आले.

"कोन? वर्षा का वर्षाची आई?"

मी सांगितलं. आम्ही कोणाच्या तरी टेम्पोत बसून निघालो. वाटेत मी म्हणालो, "दाजी, दोनच पॉइंट राहिले हुते." ते बाहेर बघत म्हणाले, "मेहुणे, ते दोन पॉइंट कुनाचे हुते, मला तरी काय ठावं?" जिंकणाऱ्याला मिळणाऱ्या त्या ढालीबद्दल ते नंतर कधी चकार शब्द बोलले नाहीत. वर्षाचा हात जुळला, तो थोडा वाकडा राहिला, आणि त्या वाकड्या हातानेच ती बॅकहँड इतका झकास मारायला शिकली की दाजी पाहुण्यांना तो हात दाखवायचे.

पुढे कारखान्याचे दिवस फिरले. क्लब बंद झाला, शेडचे पत्रे कोणी नेले कळलं नाही, आणि हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या उभ्या करायला जागा कमी पडते म्हणून कोर्टावर गाड्या लागायला लागल्या. दाजी भांडले नाहीत. निवृत्त होऊन कोपरगावात तीन खोल्यांचं घर बांधलं होतं, त्याच्या अंगणाची भिंत त्यांनी मुद्दाम उंच घेतली आणि तिच्यावर जाळीच्या उंचीला एक पांढरी रेघ मारली. रोज संध्याकाळी भिंतीशी खेळायचे. धप, धप, धप. शेजारच्या काकूंनी आधी तक्रार केली, मग त्यांना त्या आवाजाची इतकी सवय झाली की दाजी गावाला गेले की त्याच विचारायच्या, कधी येनार? आक्का दारात भाजी निवडत बसायची. "भित्तीला कदी हरवलं का?" ती विचारायची. दाजी म्हणायचे, "न्हाई. आज रसापतूर आणली हुती."

असा संसार. त्यांची भांडणं व्हायची, पण मोठी नाहीत. एका गोष्टीवर मात्र दोघांत कायमचा वाद होता. वटपौर्णिमेला आक्का वडाला फेऱ्या मारून यायची आणि हमखास म्हणायची, "मी आपली कुंकू लावूनच जानार. तुमच्या आधी." दाजी चिडायचे. "जायच्या गोष्टी काय करते? सणासुदीचं!"

मग आक्काला पक्षाघाताचा झटका आला. सकाळी देवाला फुलं वाहता वाहता उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. जिच्या तोंडापुढे सगळी कॉलनी दबून असायची ती माझी बहीण, दवाखान्यातून घरी आली ती मुकी. कोणी काही विचारलं की ओठ हलायचे, डोळे भरायचे, आणि शब्द यायचा नाही. आम्ही एकेकजण तिला भेटून बाहेर यायचो आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहायचो.

त्या दिवसांत दाजी मला अंगणात घेऊन गेले. म्हणाले, "मेहुणे, तुमची बहीण दरसाल म्हनायची ना, मी आधी जानार? मी भांडायचो. आता माझंबी देवाकडं तेच मागनं हाय. हीच आधी जावी."

मी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, पण ते उभेच राहिले.

"तिला काय दुखतंय, कधी दुखतंय, हे मला तिच्या डोळ्यांवरनं कळतं. दुसऱ्या कुनाला कळंल? मी आधी गेलो तर ती कुनाला सांगंल? मला फक्त एक दिवस जास्त पायजे. तिच्यापेक्षा एकच दिवस." आणि मग तो माणूस, ज्याला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, भिंतीवरच्या पांढऱ्या रेघेला कपाळ टेकून हुंदके देऊन रडला. लग्नापासून वाद चालू असलेल्या गोष्टीवर दोघांचं एकमत झालं, ते असं.

वर्षा पुण्याला असते. तिने दोघांना तिकडे नेण्याचा हट्ट धरला. दाजी म्हणाले, तुझ्या फ्लॅटला अंगण न्हाई. आणि त्यांनी एकट्याने आक्काचं सगळं करायला घेतलं. न्हाऊ घालणं, भरवणं, वेणी घालणं. वेणी सुरुवातीला बाहेरच जायची, पण पुढे आत पडायला लागली. नगरला बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, त्यांच्याकडे ते तिला गाडी करून न्यायचे. एकदा मी बरोबर होतो. मॅडम तरुण, शहरातल्या, स्वभावाने फार गोड. त्यांनी आक्काला वस्तू दाखवून नावं विचारली. आक्काला एकही नाव येईना. मग त्या दाजींकडे बोट करून म्हणाल्या, "आजी, हे कोण? यांचं नाव सांगा बरं."

आक्काने मान खाली घातली.

"आठवत नाही का? प्रयत्न करा. काय नाव यांचं?"

आक्काने पदर पुढे ओढला. डाव्या हाताने. मॅडमनी हळहळत दाजींना सांगितलं, नवऱ्याचं नावही विसरल्यात, म्हणजे जरा अवघड आहे. दाजी एकदम म्हणाले, "न्हाई न्हाई मॅडम, हे धरू नका! चांगली हुती तवाबी घेत नव्हती. लग्नातबी उखाना घेताना नुसती हसली हुती." आणि आक्काकडे पाहिलं, तर अर्ध्या चेहऱ्याने ती हसत होती. येताना गाडीत दाजी इतके खूश होते की जणू आक्का धडाधडा बोलली. "सगळं जाग्यावर हाय मेहुणे. लाजली! म्हंजे आत सगळं जाग्यावर हाय."

घरी त्यांनी आपल्या पद्धतीने सुरू केलं. व्यायाम शिकवणाऱ्याने हातात दाबायला स्पंजचा चेंडू दिला होता. तो दाजींनी बाजूला ठेवला आणि आपले टक्कल पडलेले जुने टेनिसचे बॉल काढले. संध्याकाळी अंगणात आक्काला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवायचं, समोर दोन पावलांवर स्वतः उभं राहायचं, आणि बॉल अलगद तिच्या मांडीत टाकायचा. तिने तो उचलून परत फेकायचा, जमेल तसा. बॉल कुठेही जायचा. तुळशीत, मोरीत, पायाखाली. आणि उभ्या आयुष्यात केसभर बाहेर गेलेला बॉल आत न म्हणणारे दाजी प्रत्येक बॉलला ओरडायचे, "आत!" वाकून तो उचलून आणायचे, पुन्हा टाकायचे. मोजायचे मात्र खेळासारखं. पंधरा-शून्य. पंधरा-पंधरा. तीस-पंधरा.

एके दिवशी चाळीस-चाळीस झाले. दाजी बॉल उचलायला मोरीपाशी वाकले होते. मागून आवाज आला, "रस."

जाड, घोगरा, पण आक्काचाच. दाजी सांगायचे, मला वाटलं शेजारच्या काकू बोलल्या. त्यांनी वळून पाहिलं. आक्काचं तोंड अजून त्या शब्दाच्या आकारात उघडं होतं. देवाचं नाव नाही, आईचं नाही, पोरीचं नाही, तिच्या तोंडून पहिला शब्द परत आला तो हा. दाजींनी मला लगेच फोन लावला, आणि फोनवर काहीही न बोलता तिच्या तोंडाशी धरला. मला नुसतं ऐकू आलं : रस. रस. रस. मी कर्जतला माझ्या नोकरीच्या शाळेच्या व्हरांड्यात उभा होतो, तिथेच बसकण मारली.

मग हळूहळू आणखी काही शब्द आले. व्हय, न्हाई, चा. वर्षाचं अर्धं नाव. पण ती घाबरली, चिडली की बाकीचे पळून जायचे आणि तोंडात तेवढा एकच राहायचा. भाजी तिखट झाली, रस. पाय आखडला, रस. शेजारच्यांनाही ते माहीत झालं. त्या अंगणातून रस ऐकू आला की त्या काकू म्हणायच्या, बसले दोघं खेळायला.

दाजी मात्र वाळत चालले होते. छातीत धरल्यासारखं होतं, एकदा बोलून गेले. मी म्हणालो, नगरला दाखवून येऊ. म्हणाले, "गॅस हाय. आन् तिकडं दोन दिवस ठेवून घेतलं तर हिच्याजवळ कोन?" मी म्हणालो, मी आहे की. त्यावर ते म्हणाले, "तुमाला तिच्या डोळ्यांतलं कळतं का?" मला कळत नव्हतं. वर्षाने चार वेळा सांगितलं, रागावली, रडली. प्रत्येक वेळी हे म्हणायचे, दिवाळी होऊ दे.

दिवाळीला भाऊबीजेसाठी मी गेलो. आक्काने डाव्या हाताने मला ओवाळलं, तबक दाजींनी खालून धरलं होतं. दुपारी निघालो. दरवेळी ते मला स्टँडवर सोडायला यायचे आणि एसटी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहायचे. त्या दिवशी आक्काला अंगणात बसवलेलं होतं म्हणून फाटकापर्यंतच आले. रिक्षात बसून मी मागे पाहिलं. एका हाताने त्यांनी फाटक धरलं होतं, दुसऱ्या हातात बॉल होता. तो बॉलचाच हात त्यांनी वर केला. रिक्षा हलायच्या आतच ते वळले, कारण मागून आक्काने काहीतरी आवाज केला होता. पाठमोरे, जरासे वाकलेले, पांढरा शर्ट मागून बाहेर आलेला, घाईघाईने तिच्याकडे जाताना. दाजींचं मला झालेलं ते शेवटचं दर्शन.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, सकाळी, आक्कासाठी चहा करताना ते ओट्यापाशी कोसळले. आक्का पुढच्या खोलीत पलंगावर होती. पडल्याचा आवाज तिने ऐकला. तिला उठता येत नव्हतं. ती ओरडली. तिच्या तोंडात तेवढा एकच शब्द राहिला होता, तो ओरडली. रस. रस. रस.

शेजारच्या काकूंनी ऐकलं. त्या मला सांगताना ऊर बडवून घेत होत्या. "मला वाटलं आज सकाळीच खेळाय बसले. मी मनात म्हनले, बरं झालं, आज उत्साह दिसतोय. भाऊ, मी हसले हो!" दूध उतू जाऊन जळाल्याचा वास भिंतीपलीकडे गेला तेव्हा त्या धावल्या. डॉक्टर म्हणाले, जागच्या जागी गेलेत, लगेच आणलं असतं तरी उपयोग नव्हता. ते आम्ही काकूंना सांगितलं, आक्काला सांगितलं, एकमेकांना सांगितलं. पण माझ्या कानात ती हाक अजून आहे, मी ऐकलेली नसताना.

दहावा पुणतांब्याला, गोदावरीच्या घाटावर केला. आक्काला घरी ठेवायचं ठरलं होतं. ती "न्हाई" म्हणाली, आणि म्हणतच राहिली. शेवटी आम्ही तिला खुर्चीसकट उचलून पायऱ्या उतरवल्या.

पिंड मांडले. कावळे समोरच्या लिंबावर होते, पण एकही खाली येईना. ऊन वर आलं. दाजींचे धाकटे भाऊ, नाना, हात जोडून म्हणाले, "दादा, काय राहिलंय मनात?" आणि मग चहूबाजूंनी तेच : टेनिस. जीव टेनिसमधी अडकलाय. दुसरं काय असनार? वर्षाच्या पर्समध्ये एक जुना बॉल निघाला, तो पिंडापाशी ठेवला. नानांनी शब्द दिला, गावात पोरांसाठी कोर्ट करू. कोणी म्हणालं, दरसाल तुमच्या नावानं सामने भरवू. कावळे हलले नाहीत. मला काय राहिलंय ते माहीत होतं. मी वर्षाकडे पाहिलं. वर्षा पुढे झाली आणि वडिलांच्या पिंडाला म्हणाली, "अप्पा, आईला मी नेते पुण्याला. मी करीन तिचं सगळं." एक कावळा खालच्या फांदीवर आला आणि तिथेच बसला.

मागून कोणीतरी माझा सदरा ओढला. आक्का होती. मी तिच्या आणि पिंडाच्या मध्ये उभा होतो, मला ती बाजूला हो म्हणत होती. मी सरकलो. तिने डावा हात वर केला. ओठ हलायला लागले. सगळ्यांना वाटलं, आता तोच शब्द येणार. तिच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, कपाळावर घाम आला, मान थरथरायला लागली.

"मी," ती म्हणाली. मग पुन्हा पहिल्यापासून. "मी... हाय... बरी."

ती बरी नव्हती. उजवा हात मांडीवर तसाच पडला होता, कपाळ मोकळं होतं, आणि दहा दिवसांत तिचे डोळे कोणालाही वाचता आले नव्हते.

"जावा," ती म्हणाली. "जावा... तुमी."

आमच्यात निघालेल्या माणसाला जा म्हणत नाहीत. दाजी पाळीवर निघाले, भाजी आणायला निघाले, तरी तिने जन्मभर त्यांना "या" म्हणूनच निरोप दिला होता.

मागे कोणीतरी "शिवला, शिवला" म्हणालं. लोक हात जोडू लागले. मी वळून पाहिलं नाही. आक्काचा डावा हात तसाच वर होता, तो खाली घ्यायचं तिच्या ध्यानात नव्हतं. मी तो धरला आणि हळूच तिच्या मांडीवर ठेवला.